नॅरो गेजचा अभिमान

४ जानेवारी १९७७
संकल्प. काशबनी लाइट रेल्वेचा साद्यंत इतिहास मार्चअखेर लिहून पूर्ण. मराठीत असा ग्रंथ नाही. बंगालीतही नसावा, विचारलेलं नाही. पहिलं वाक्य तयार आहे: 'रेल्वे म्हणजे केवळ लोखंड नव्हे.' आता उरलेलं आपोआप येईल. हे म्हणाले, इतकी वर्षं रेल्वेत काढली, मला तर लोखंडच दिसलं.

११ जानेवारी
लीनाच्या बँडला पुढच्या महिन्यात दहा वर्षं होतात. ती त्यांची तिसरी गायिका. आधीच्या दोघी लग्न करून गेल्या. बँडचं नाव 'नॅरो गेज'. माझ्या विषयावरूनच ठेवलं असणार. लीना म्हणते, आई, तेव्हा तू स्वेटर विणायचीस. तालमीची खोली अरुंद म्हणून ते नाव. असेल.

२० जानेवारी, दुपार
आज काशबनी लाईन प्रत्यक्ष पाहायला निघाले होते. खिदिरपूरलाच ट्राम अडकली, परत आले. तशी घाई नाही. रूळ केव्हाच उखडून नेलेत, आता आणखी काय जाणार?
नवा संकल्प: बँडच्या दशकपूर्तीला स्टेजवरून माझा इतिहास वाचायचा. पाच मिनिटं पुरेत. लीनाला सांगितलं. ती म्हणाली, बघते, चेष्टा करीन.
आईची चेष्टा. तीही आगाऊ सांगून.

२७ जानेवारी
आठवडाभर लीनाशी बोलले नाही. तिच्या लक्षात आलं असावं, कारण मीठ वडिलांकडे मागते. शेवटी शेजारच्या सुचित्राबौदींना सांगितलं (इथे वहिनीला बौदी म्हणतात). त्या पोट धरून हसल्या. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. पोर या बंगाली शहरात वाढली, मराठी बोलता बोलता बंगाली शब्द पेरते. मला मनातून ठाऊक होतंच, फक्त खात्री करायची होती.
संकल्प: बंगाली शिकणे. लिपी आली की झालं. शब्द बहुतेक आपलेच आहेत.

९ फेब्रुवारी
बंगाली जवळजवळ आलं.
इतिहास: पहिल्या वाक्यात 'केवळ'ऐवजी 'नुसतं' केलं. मोठी सुधारणा.
लीनाने चेष्टा केली, पण जमलं नाही. ड्रमवाल्या बापीचा सोलो इतका लांबलाय की माझी पाच मिनिटं त्यात गेली. मी म्हटलं, अगं, काही हरकत नाही. असल्या गोष्टी मी मनाला लावून घेत नाही. रात्री जेवले नाही, ते पित्तामुळे.

१९ फेब्रुवारी
कार्यक्रम. लीनाने पुढची खुर्ची धरून ठेवली होती. मी शेवटच्या रांगेत बसले. पुढे आवाज फार.
बापीचा सोलो सुरू झाला आणि लोडशेडिंग. गिटारी बंद. ड्रमला वीज लागत नाही, तो अंधारातही बडवत राहिला. दमला तेव्हा लीना टॉर्च घेऊन थेट माझ्या रांगेपर्यंत आली. मागोमाग बापी. म्हणाली, आई, चल, आता वाच. माइक नाही, पण तुला कुठे लागतो?
मी म्हटलं, आता कशाला, तुमचं चालू द्या. चष्मा घरी राहिला होता. शिवाय एका वाक्यासाठी इतक्या लोकांना थांबवायचं म्हणजे.
तिने दोनदा म्हटलं. मग बापीकडे वळून बंगालीत म्हणाली, मा'र ओभिमान होएछे.
आईला अभिमान वाटतोय. हे समजायला मला बौदी लागल्या नाहीत. इतक्या वर्षांत मी हे तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण पोरीने ओळखलं. डोळे भरून आले. अंधार होता ते बरं.

२० फेब्रुवारी
सकाळी यांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, मग सुचित्राबौदींना. या वेळी त्या हसल्या नाहीत. चहा ओतता ओतता म्हणाल्या, दीदी, आमच्यात अभिमान म्हणजे रुसवा. परक्यावर करत नाहीत, आपल्या माणसावरच करतात.
चहा न पिताच घरी आले.
मी मुळीच रुसले नव्हते. हे लीनाला स्पष्ट सांगायला हवं. ती आधी बोलली की लगेच सांगेन.