चेष्टेची शिक्षा

सोमवार, १३ मे १९७४. चंदीगड

मीनूने वर्गात कोणाचीही चेष्टा केलेली नाही. तिच्या बाईंनीच आज संध्याकाळी बाजारात सांगितलं.

शनिवारी प्रगतिपुस्तकात त्यांचा शेरा होता, ‘बहुत चेष्टा करती है.’ मी तो मराठीत वाचला. बदलीचं गाव, पहिलीचं वर्ष, आणि सुरुवातीलाच ही तक्रार? तिला फटका दिला. ‘वर्गात तोंड उघडायचं नाही,’ असंही बजावलं. ती रडत म्हणत होती, ‘आई, मी नाही गं केली.’ ऐकलं का मी?

आज मी माफी मागू लागले तर बाई हसल्या. ‘बहनजी, चेष्टा मतलब कोशिश! हिंदी कच्ची है, फिर भी हर सवाल पे हाथ उठाती थी.’ मग थांबून म्हणाल्या, ‘आज नहीं उठाया. तबीयत तो ठीक है जी?’

दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचे शब्द तपासते मी. आणि हा एक शब्द...

घरी येऊन मीनूला सांगितलं, चूक माझी होती, हात वर करत जा. ती म्हणाली, ‘नको. गप्प बसलं की कोणी रागवत नाही.’

उद्या पहिलाच तास हिंदीचा आहे. मी बाजारातच बाईंना फटक्याचं सांगितलं होतं; त्या तिला मुद्दाम प्रश्न विचारणार आहेत.