गालाला वाळू

प्रिय आई,

मौरी, तुला नमस्कार. मी खुशाल आहे, काळजी करू नकोस. बोटीचं इंजिन जरा रुसलंय, म्हणून आम्ही कालपासून नोनोउटी बेटावर थांबलोय. दुपारपर्यंत निघू म्हणतात. कालही हेच म्हणत होते.

माझ्या लेकराचा, तेबाऊचा खोकला कसा आहे? मी निघाले तेव्हा झोपला होता. उठल्यावर फार रडला का? सकाळची नीरा त्याला कोमट करून दे.

इथं माझी एक चूक झाली. तहानेनं जीव कासावीस झाला होता, म्हणून उतरल्या उतरल्या शहाळं प्यायले. तेरेतिया नावाच्या म्हातारीनं ते पाहिलं. "अगं ए, परक्या बेटावर आलीस, देवाच्या दगडापुढं तंबाखू ठेवली नाहीस, गालाला वाळू नाही, आणि आधी शहाळं? आईनं काही शिकवलं की नाही?"

तुझा उद्धार झाला म्हणून मी हातातलं शहाळं खाली ठेवलं. मग तिनंच दगडापुढं ठेवायला तंबाखू दिली आणि माझ्या दोन्ही गालांना ओली वाळू चोळली. म्हणाली, "जा आता. बेटाला तू परकी नाहीस."

तरी इंजिन सुरू होत नाही. बोटीवरचे लोक माझ्याकडेच बघतात.

पुढे ऑस्ट्रेलियात, त्या फळबागेत, मला कोण वाळू लावणार? दोन हंगाम काढायचेत तिथं.

आई, मी परत येईन तेव्हा तेबाऊ मला ओळखणार नाही. त्याला रागावू नकोस. मला किनाऱ्यावरच थांबव, आणि त्याच्या हातानं माझ्या गालाला वाळू लाव.

तुझीच,
मारेता