लेफ्ट हाफचं तोंड

६ ऑगस्ट १९६१, रविवार

नियाजवरून आज आमच्या घरात वरण सांडलं.

नत्थुजी, माझा साळा, जेवायला आला होता. बसल्या बसल्या ताटातच मैदान मांडलं त्यानं. मिरच्यांचे फॉरवर्ड, कांद्याच्या फोडींचे बॅक. मधे मिठाचा एक खडा ठेवला. "हा तुमचा नियाज. पाहा, काई करते का? नुसता पडून आहे." माझी बायको पंचफुला पोळी टाकता टाकता उठली, तो खडा उचलला आणि नत्थुजीच्याच वरणात टाकला. "आता चाखून पाह्य." भाऊबहिणीचं असं जुंपलं की वाटी उलथली. माझ्या धोतरावर.

नियाज म्हणजे आमच्या अमरावतीच्या नवयुग फुटबॉल क्लबचा नवा लेफ्ट हाफ. वलगावच्या शिंप्याचा पोरगा, एकोणीस वर्षांचा. गोल मारत नाही. फार पळतही नाही. मैदानाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा असतो, एखाद्याच्या लग्नात आल्यासारखा. पण तो आल्यापासून नवयुग एकही सामना हरलेली नाही. का, ते कोणालाच कळत नाही. म्हणून गावात दोन पार्ट्या झाल्या. ठेव पार्टी म्हणते त्याला ठेवा, काढ पार्टी म्हणते काढा. बायको ठेव पार्टीत, साळा काढ पार्टीत. रोज दहा जण मला विचारतात, "मास्तर, तुमी सांगा."

मी काय सांगू? मी शाळेत ड्रिल मास्तर, आणि रविवारी पंच. पंचाला मत नसते.

१३ ऑगस्ट, रविवार

लिहून टाकतो एकदाचं. पोटात मावत नाही. ही वही पंचफुलाच्या हाती लागली तरी माझं अक्षर तिला लागत नाही.

नियाज खेळत नाही. नियाज बोलतो.

दोरीबाहेरच्यांना ऐकू येत नाही. ऐकतो फक्त मी, कारण शिट्टी घेऊन त्याच्या बाजूनं पळतो. आज अचलपूरचा संघ होता. सगळे अनवाणी खेळतात, चपलांचा ढीग दोरीपाशी. अचलपूरचा एक गडी बॉल घेऊन सुटला. नियाज त्याच्या बाजूनं चालत, अगदी मायेनं: "भाऊ, त्या लाल पट्ट्याच्या चपला तुमच्या का? कोनी तरी घालून चाल्ला." गड्यानं मान वळवली. बॉल गेला!

थोड्या वेळानं दुसऱ्याला: "दादा, राग नका मानू. तुमची चड्डी मागून उसवली. मी शिंप्याचा पोट्टा, मले दिसते." तो बिचारा सामना संपेपर्यंत एक हात मागे धरून खेळला.

नवयुग दोन गोलनं जिंकली. काढ पार्टी म्हणाली, नियाज असून जिंकली. ठेव पार्टी म्हणाली, नियाज होता म्हणून.

आता माझं दुखणं. नियमाच्या पुस्तकात साफ आहे, बोलून समोरच्याला फसवणं गुन्हा. शिट्टी वाजवायची, समोरच्यांना फ्री किक द्यायची. मला पाठ आहे ते. शिट्टी तोंडात होती. पण हसू आवरता आवरता फुंकायचं राहून गेलं.

२० ऑगस्ट

आजही नाही वाजवली.

३ सप्टेंबर, रविवार

गाव खुळं झालं आहे. काढ पार्टीच्या सलूनवाल्यानं ठेव पार्टीच्या एका मास्तराची अर्धीच दाढी केली. "तुमाले हाफच आवडते न." मास्तर अर्ध्या दाढीनं वर्गावर आले. पोरं दिवसभर काही शिकली नाहीत.

पंचफुलानं भावाला राखी बांधली, पण ओवाळणी घ्यायला नकार दिला. "आधी नियाजबद्दल चांगलं बोल." तो बोलला नाही. राखी बांधून घेऊन तणतणत गेला.

१० सप्टेंबर, रविवार

फायनल ठरली. एक ऑक्टोबरला, आपल्याच मैदानावर, अकोल्याच्या मोर्णा क्लबशी. पंच मीच. अकोलेवाल्यांनीच मागितला म्हणे. "मास्तर कोनाचाच नाही," असं बोलले. छाती फुगली माझी, खोटं काहून लिहू.

संध्याकाळी क्लबचे अध्यक्ष भगवंतराव घरी आले. कमिटीत नियाजवरून अर्धे इकडे, अर्धे तिकडे. "मास्तर, तुमी जवळून पाह्यता. पोट्टं कामाचं आहे का नाही? फायनलमधे खपलं तर आपल्या कापसाच्या जिनिंगमधे लावून घेतो त्याले. बापाचे डोळे गेले म्हनतेत, मशीन चालवनं होत नाही."

आता आली का पंचाईत? गप्प बसलो तर पोराची नोकरी जाते. तो कामाचा का, हे सांगितलं तर तोच त्याचा गुन्हा ठरतो. वरून मी इतके दिवस शिट्टी का गिळली, तेही विचारतील. मी आपलं म्हटलं, "पंचाला मत नसते."

पंचफुला चहा घेऊन आली. "भगवंतरावजी, तो आल्यापासून एक तरी म्याच हारले का तुमी?" भगवंतरावांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, ठेवतो.

मी सुटलो असं वाटलं. पण रात्रभर कुशी बदलत होतो.

२४ सप्टेंबर, रविवार

नियाजला मैदानाच्या कोपऱ्यात घेतलं. दरडावलं. "फायनलला एक शब्द बोललास तर शिट्टी वाजवीन. देवाची शप्पथ."

त्याचा चेहरा उतरला. "मास्तर, मंग मी मैदानात करू काय?"

"खेळ."

"मंग आतालोक काय करून राहिलो होतो?"

शिट्टी खिशात घातली. घरी आलो.

१ ऑक्टोबर, रविवार



गर्दी अशी की पोरं झाडांवर. सायकल कशीबशी दोरीपाशी टेकवली. नियाज गालात सुपारी धरून उतरला, बोलणं होऊ नये म्हणून. आणि गप्प नियाज काय सांगू — अगदी सुमार! बॉल येतो, जातो, हा पाहतो. काढ पार्टी टाळ्या पिटून राहिली. नत्थुजी तर नाचला. तरी कसंबसं एक-एक झालं.

शेवटची काही मिनिटं राहिली. बॉल अकोल्याच्या पायात. नियाज माझ्याकडे धावत आला, सुपारी थुंकली आणि ओरडला, "मास्तर, तुमची सायकल! कोनी घेऊन चाल्ला!"

माझ्यावर! चपला झाल्या, चड्ड्या झाल्या, आता प्रत्यक्ष पंचावर! डोकंच फिरलं. मान तसूभर वळवली नाही. सगळा जीव एकवटून शिट्टी फुंकली. अकोल्याला फ्री किक.

पोरगा माझ्याकडे पाहत राहिला. एकदा दोरीकडे पाहिलं. आणि पळाला. दोरीखालून, गर्दीतून, चपलाही न घेता. मैदान सोडून! फायनलमधे! अकोल्याची फ्री किक गेली ती नेमकी तो उभा असायचा त्या मोकळ्या जागेतून, त्यांच्या पुढच्या गड्याकडे. गोल. दोन-एक. संपलं.

मग माझ्यावर धोंडे आले. अकोलेवाल्यांनी मला आपल्या ट्रकमधे घातलं आणि घरापाशी उतरवलं. पंचफुलानं दार उघडलं. ताटात भाकर होती, कालची.

२ ऑक्टोबर, सोमवार

भगवंतरावकडे सगळ्यांसमोर सांगावंच लागलं, शिट्टी का वाजवली ते. चपला, चड्डी, सगळं.

आणि पार्ट्याच उलटल्या! नत्थुजीच्या डोळ्यांत पाणी. "इतका गुनाचा पोट्टा, आन आमी त्याले काढा म्हनत होतो!" सलूनवाला म्हणाला, त्याची दाढी जन्मभर फुकट. आणि ठेव पार्टी खाली मान घालून बसली. "आमी त्याले साधासुधा समजत होतो." घरी येऊन पंचफुलाला सांगितलं, तर ती म्हणाली, "लबाडी चालते एकवेळ. पन रागानं सोबत्यायले सोडून पळते? काढा त्याले."

भगवंतरावांचंही तेच. मैदान सोडून पळाला, म्हणून क्लबमधून बाद. जिनिंगचं नाव नको. तशा कागदावर पंचाची सही लागते, मी केली. नियमानं केली, तरी जेवण गेलं नाही.

नत्थुजीला सायकल आणायला मैदानावर पाठवलं होतं. म्हणतो तिथं नाही. कोणीतरी माझ्यावरच्या रागानं लपवली असणार. देतील आणून, जातात कुठे.

३ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी नियाज दारात. हातात माझी सायकल, पुढचं चाक वाकडं. भातकुलीच्या रस्त्यानं चोराच्या मागे अनवाणी पळाला. अंधार पडल्यावर चोरानं ती नाल्यात टाकली. काल दिवसभर शोधून काढली. पायाला चिंध्या बांधलेल्या.

मी म्हटलं, "मला वाटलं, तू नेहमीसारखं..."

"मास्तर, मी खोटं फकत खेळनाऱ्यायशी बोलतो. तुमी कुठी खेळून राहिले होते?"

लाज वाटली. फार वाटली. संध्याकाळी भगवंतरावकडे जातो आणि सगळ्यांसमोर सांगतो, शिट्टी माझी चुकली, सही परत घेतो. पंचानं असं बोलायचं नसते. बोलीन.

पंचफुलानं त्याच्या पायाला हळद लावली, दोघांना चहा दिला, माझ्या बशीत दोन बिस्किटं ठेवली. नियाज म्हणाला, "मास्तर, कपात माशी पडली."

या वेळी कप उचलून लगेच पाहिलं.

माशी नव्हती. वर पाहतो तर बिस्किटंही नव्हती.