अकरा जणांची साखळी

१४ जून, शनिवार
अब्बांच्या गालाच्या आत पांढरा डाग निघाला. सदाशिव पेठेतले दातांचे डॉक्टर फार बोलत नाहीत. ‘सहा आठवडे तंबाखू पूर्ण बंद. डाग गेला तर उत्तम. नाहीतर तुकडा काढून तपासायला पाठवू.’ जिना उतरून अब्बांनी खिशातून पुडी काढली, शांतपणे मळली आणि म्हणाले, ‘ये आखरी.’ चाळीस वर्षांत पहिल्यांदा वचन दिलं — तेही तोंडात बार भरून!
मला भीती वाटतेय. इथेच लिहिते. घरात बोलणार नाही.

१६ जून, सोमवार
आमची कंपनी सवयी सोडवणारी ॲप बनवत नाही. ती बनवणाऱ्यांना लागणारे तयार भाग बनवते — आठवणीची घंटी, शाबासकीचा बिल्ला आणि साखळी. साखळी माझी. रोज बटण दाबलं की एक कडी वाढते, एक दिवस चुकला की पुन्हा शून्य. साखळी तुटू नये म्हणून माणूस सवय सोडतो, असं आम्ही गिऱ्हाइकांना सांगतो.
आता एकाला तंबाखू-सिगारेट सोडवणारं ॲप काढायचंय. आधी चाचणीचे आकडे दाखवा म्हणतोय. सलिल आमचा टीम लीड. म्हणाला, ‘माणसं बाहेर कुठे शोधत बसणार? घरचे धरून आणा.’ दुपारपर्यंत अकरा झाले. अब्बांचं नाव मी सगळ्यात आधी दिलं.

२१ जून, शनिवार
अकराही जण हडपसरला ऑफिसात हजर. कुणाचे वडील, कुणाचे मामा. सगळे इस्त्रीचे शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखे. आमच्या टीममधल्या स्पृहाने पडद्यावर बटण दाखवलं : ‘आज नाही’.
‘आणि खाल्ली तर?’ — सलिलचे श्यामकाका.
‘तर दाबायचं नाही, काका. साखळी शून्यावर येते. खूप शून्यं आली तर आमचा भाग नापास.’
‘नापास म्हणजे तुम्ही?’
स्पृहा हसली. नंतर मंडळी खाली टपरीवर चहाला गेली, ती पाऊण तास वर आलीच नाही. श्यामकाका आणि अब्बांची गट्टी जमली. बरं वाटलं. आजपासून मोजणी सुरू.

२९ जून
नऊ दिवस, नऊ कड्या! रोज दुपारी दोनला. अब्बा मंडईजवळच्या दुकानात वजनकाटे दुरुस्त करता करता डबा खातात, त्यानंतर दाबत असणार. जेवणावरची तलफ सगळ्यात वाईट. शाब्बास अब्बा.

५ जुलै
अम्मी म्हणाली, ‘यांच्या खिशाला चुना लागलाय.’
जुना असेल, म्हटलं.
‘शर्ट मी रोज धुते.’
अम्मीकडे आकडे नाहीत.

९ जुलै
अकरापैकी एकाचीही साखळी तुटलेली नाही. सलिल म्हणाला, ‘असं जगात कुठे होत नाही.’ कौतुकाने म्हणाला. गिऱ्हाइकाला दाखवायला अब्बांचाच आलेख निवडला, नाव काढून. वय त्रेसष्ट, व्यवसाय दुरुस्ती. सरळ वर चढणारी रेघ. मी दोनदा जाऊन बघून आले.

१८ जुलै
गिऱ्हाइकाचा होकार आला. ऑफिसात सगळ्यांना आंबाबर्फी. घरी सांगितलं तर अब्बांनी विचारलं, ‘म्हणजे तुझं पक्कं झालं?’ माझं काय पक्कं व्हायचंय, काम कंपनीला मिळालं, म्हटलं. ‘वही तो,’ म्हणाले आणि खूप दिवसांनी हसले.

२२ जुलै
अब्बांनी चपाती वरणात भिजवून खाल्ली. वरण तिखट आहे म्हणे. अम्मीने त्यात मिरची घातलीच नव्हती.

२३ जुलै
तेहेतीस कड्या. मग तोंड का झोंबतंय?

२६ जुलै, शनिवार
डाग वाढलाय. मंगळवारी तुकडा काढणार.
रिक्षात मोबाइल त्यांच्यासमोर धरला. पस्तीस दिवस झाले अब्बा, मग हे कसं? ते बाहेर बघत म्हणाले, ‘तंबाखू एक दिवसही सुटली नाही, बेटा. तुमच्या ऑफिसात आलो त्याच दिवशी चहावर ठरलं आमचं. पोरांची नोकरी आहे, कुणीही शून्य आणायचं नाही. दोन वाजले की श्याम सगळ्यांना फोन करतो.’
मी रिक्षातच रडले. अब्बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने खिसा चाचपू लागले. ‘रो मत. आजचं दाबायचं राहिलंय.’