फ्यूजचे तीन पदर

बाबा, आज कॉलेजात तुमची फार आठवण आली. माझ्या विद्यार्थ्यांनी चार मोटरींचा रोबो केलाय. सपाटीवर शहाण्यासारखा चालतो, चढावर मात्र ब्रेकर पडतो आणि सगळं ठप्प. उद्या स्पर्धा. एक मुलगी म्हणाली, मॅडम, मोठा ब्रेकर टाकून देऊ, मग पडणार नाही. मी तारेला बोट लावलं तर चटका बसला. अडलेली मोटर कितीतरी जास्त करंट ओढते, आणि यांनी तार घेतलेली सुतळीच्या धाग्याएवढी. मग तुमचंच म्हणणं सांगितलं: आधी मोटरीला पुरेल अशी तार, मग तारेहून कच्चा ब्रेकर, म्हणजे तार तापायच्या आत तो पडेल.

नांदुऱ्याचं आपलं मोटर रिवाइंडिंगचं दुकान मला अजून वार्निशच्या वासासकट आठवतं. मी बारावीत होते. तुम्ही जेवायला घरी गेलात की दुकान माझ्याकडे. त्या दुपारी मिरची लावणारे एक काका पंपाचा चिनी मातीचा फ्यूज हातात घेऊन आले. सारखा उडतो म्हणाले, रोपं सुकायला लागली होती. मी मिस्त्रीची लेक! विचारणं कसलं, मोठ्या ऐटीत एका तारेच्या जागी तीन पदर पिळून बसवून दिले.

तिसऱ्या दिवशी ते जळालेली मोटर घेऊन आले. तुम्ही मोटर खोललीत, फ्यूज पाहिलात आणि चार गिऱ्हाइकांदेखत त्यांना सुनावलंत, "बेअरिंग जाम झालं होतं भाऊ, फ्यूज तेच सांगून राह्यला होता. काऊन घातले तीन पदर?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाले, "चुकलं, मिस्त्री."

मी वार्निशचा डबा पुसत राहिले. त्यांची मिरची त्या वर्षी गेली, हे तुम्हीच रात्री जेवताना आईला सांगितलंत. मी ताट उचलून घासायला गेले.

आज संध्याकाळी रोबोची तार बदलली, तिला साजेसा ब्रेकर बसवला, तो चढ चढला. पोरं नाचली. त्या मुलीनं विचारलं, हे कुणी शिकवलं? वडिलांनी, मी म्हटलं, आणि दर वर्षी सांगते ती जळालेल्या मोटरीची गोष्ट तिला सांगितली.

हे पत्र कुठे टाकायचं? तुम्ही असतात तरी टाकलं असतं की नाही, कोण जाणे. ते तीन पदर मी घातले होते, बाबा. आणि आजही गोष्ट सांगताना मी म्हटलं, एका शेतकऱ्यानं घातले होते.