म्हशीची बाजरी

शुक्रवार, संध्याकाळ

तीन महिन्यांचं बाळ घेऊन माहेरून आले, त्याला आठ दिवस झाले. पोटाचे टाके अजून ओढतात, केस मुठीमुठीनं गळतात. कुणी विचारलं नाही. काल म्हैस व्यायली. सासूबाईंनी तिच्यासाठी गूळ घालून बाजरी शिजवली, पाठीवर गोणपाट टाकलं. मला म्हणाल्या, "भांडी आपटू नको, बाळंतीण हाय ती."

मग मी कोण? म्हशीचा हेवा करते, हे लिहायलाही लाज वाटते. पण आज गोठ्यात गेले आणि तिच्या घमेल्यातली ताजी शिजवलेली गरम बाजरी मूठभर खाल्ली. गोड होती. वळले तर दारात सासूबाई. वाटलं, आता तरी विचारतील.

"तिला कमी पडंल गं," एवढंच म्हणाल्या.