साठ अंशांवरचं तेल

प्रिय चिमणे,

आधी बातमी, ख्यालीखुशाली मागून. आमचा नवा कॉलम चालला! तेल पाण्यासारखं स्वच्छ उतरलं आणि तुझी आई कारखान्यात सगळ्यांदेखत नाचली. हसू नकोस. गुडघे ठणकतायत, पण नाचले.

तुला माहीतच आहे, हा प्रयोग फसला असता तर आमचा विभाग बंद होणार होता आणि मी निवृत्ती घेऊन तुझ्याकडे येणार होते. क्रीममध्ये घालायचं हे तेल आजवर आम्ही त्या राक्षसी रिॲक्टरमध्ये, ॲसिड घालून, जवळजवळ दोनशे अंशांवर शिजवत आलो. ते तपकिरी पडायचं, मग उजळवण्यात अर्धी पाळी जायची. खवट वास माझ्या केसांत बसायचा. लहानपणी तू नाक दाबून माझ्या कुशीत शिरायचीस. शिरायचीस मात्र नक्की.

आता तेच काम लायपेज करतं. आपल्या पोटात चरबी पचवणारं एन्झाइम असतं ना, त्याचंच भावंड. मोहरीएवढ्या कणांवर ते घट्ट बसवलेलं असतं, त्यामुळे तेलाबरोबर वाहून जात नाही. तेच कण महिनोन्महिने चालतात. आणि उष्णता फक्त साठ अंश! पण आम्ही पडलो जुनी खोडं. ढवळल्याशिवाय काही होतं यावर आमचा विश्वासच नाही. पहिल्या खेपेला इतकं घुसळलं की पात्याखाली कणांचं पीठ झालं, गाळणी तुंबली आणि साहेबांचं तोंड एवढंसं झालं. शेवटी आमची केमिस्ट, तुझ्याच वयाची, म्हणाली, कण हलवूच नका. उभ्या नळकांड्यात भरा आणि तेल त्यांच्यातून हळूहळू सोडा. तोच हा कॉलम. पहिली धार काचेच्या भांड्यात पडली तेव्हा आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो.

आता फोनवर बोलायचा धीर झाला नाही ते लिहिते. तू माझ्यासाठी खोली रंगवलीस, खिडकीशी पलंग लावलास. आणि काल साहेबांनी विचारलं, कॉलम सांभाळाल का, तर तुला न विचारताच मी हो म्हणून बसले. तुझे बाबा गेल्यावर पोटासाठी या कामाला लागले होते गं. आता पहिल्यांदाच सकाळी कधी एकदा तिथे पोचते असं होतं. रागाव, भांड, चार दिवस अबोला धर. फक्त ये म्हणू नकोस. तू एकदा जरी म्हणालीस, तरी मी सगळं टाकून येईन.

तुझीच,
कामावर निघालेली आई